एडसॅक

केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक. ६ मे १९४९ रोजी त्याने ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचा तक्ता छापून दिला. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत साठवणाऱ्या, रोजच्या कामासाठी वापरल्या गेलेल्या पहिल्या संगणकांत त्याची गणना होते.

यंत्रात सुमारे ३,००० निर्वात नळ्या होत्या. स्मृती मात्र पाऱ्याची! विद्युत स्पंदांचे ध्वनितरंग करून ते पाऱ्याने भरलेल्या नळीतून पाठवले जात. दुसऱ्या टोकाला पोचले की पुन्हा पहिल्या टोकाकडे. ही फेरी चालू असेपर्यंतच माहिती टिके.

पण एडसॅकचे खरे मोठेपण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. आज्ञावली लिहिण्यापेक्षा तिच्यातील चुका शोधण्यातच वेळ जातो, हे विल्क्स यांच्या लवकरच ध्यानात आले. तेव्हा वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशा नेहमीच्या कामांचे तपासलेले तुकडे कागदी फितींवर तयार ठेवण्यात आले. मुख्य आज्ञावलीतून अशा तुकड्यात जाऊन नेमक्या जागी परतण्याची युक्ती डेव्हिड व्हीलर यांनी काढली. आज मोबाइल अ‍ॅप लिहिणारा प्रोग्रामर तयार लायब्ररी वापरतो, त्या पद्धतीचा पाया येथे आहे. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांचे याविषयीचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले.

लायन्स या चहा-केकच्या कंपनीने एडसॅकला आर्थिक मदत केली आणि त्याच्याच धर्तीवर कार्यालयीन कामासाठी ‘लिओ’ संगणक उभारला.

एडसॅक जुलै १९५८ मध्ये बंद झाला.