लॉजिस्टिक समाश्रयण : चलांची स्वयंचलित निवड

घटना घडेल की नाही याची संभाव्यता देणाऱ्या लॉजिस्टिक प्रतिमानात कोणती स्वतंत्र चले ठेवायची, हे संगणकाने ठराविक निकषावर ठरवण्याची पद्धत. बुऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातील केळीबागेवर कुकुंबर मोझॅक विषाणू येईल का, असा प्रश्न घेतल्यास लागवडीचा महिना, रोपांचा स्रोत, माव्याचा प्रादुर्भाव, शेजारचे काकडीवर्गीय पीक अशी चले पुढे येतात. ती २० झाली, की संभाव्य उपसंच १०,४८,५७६ होतात. म्हणून एकेक चल घेत वा वगळत जाणारी रीत (एफ्रॉयम्सन, १९६०, मुळात रेषीय समाश्रयणासाठी) रूढ झाली. चल आत घेताना अनेक आज्ञावली सी. आर. राव यांची १९४८ची स्कोअर चाचणी वापरतात, वगळताना बहुधा वाल्डची. चलनिवडीचे आकाइके निकष आणि टिब्शिरानींचा लासो (१९९६) हे मार्ग नंतरचे.

रीत सोयीची, पण भाबडी. २० निरुपयोगी चलांतूनही ५ टक्के पातळीवर सरासरी एक अर्थपूर्ण भासते. निवडीनंतर छापलेली पी-मूल्ये तर फाजील आशावादी असतात. मावा आणि शेजारची काकडी एकमेकांशी निगडित. त्यामुळे चार बागांच्या नोंदी बदलल्या, की एक चल आत येते, दुसरे बाहेर पडते. मावा हाच विषाणूचा वाहक आहे, तेव्हा यंत्राने गाळला तरी तो प्रतिमानात ठेवावा.