गोव्याचे सामान्य ज्ञान : एका ओळीच्या उत्तरात न मावणाऱ्या नोंदी

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत, शालेय प्रश्नमंजूषांत आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या माहितीत गोव्याविषयीचे काही प्रश्न वर्षानुवर्षे तेच असतात. त्यांची उत्तरेही ठरलेली असतात. परंतु यांतील अनेक उत्तरे अर्धी असून काही सरळ चुकीची आहेत. अशा निवडक प्रश्नांच्या पूर्ण नोंदी येथे एकत्र दिल्या आहेत.

पोर्तुगीज राजवट किती वर्षांची?

'४५१ वर्षे' हे उत्तर सर्वत्र आढळते. आफोंसो द आल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा बेट अखेरचे जिंकून घेतले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आणि राजवट संपली १९ डिसेंबर १९६१ रोजी. या हिशेबाने आकडा बरोबर आहे. परंतु तो तिसवाडीपुरता. बार्देश व सासष्टी हे प्रदेश १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. या तीन प्रदेशांना 'जुन्या काबिजादी' म्हणतात. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे आणि काणकोण या 'नव्या काबिजादी' मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७६३ ते १७८८ या काळात, त्यांच्या ताब्यात आल्या. म्हणजे क्षेत्रफळाने गोव्याच्या मोठ्या भागावर ही सत्ता जेमतेम पावणेदोनशे ते दोनशे वर्षे होती. जुन्या काबिजादींतील कित्येक दैवते नदीपलीकडच्या प्रदेशात का हलविली गेली आणि फोंडा परिसरात एवढी मंदिरे का दिसतात, याचा उलगडा या फरकातून होतो.

नार्व्याचे सप्तकोटीश्वर मंदिर

सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. ते मंदिर पाडले गेल्यानंतर देवाची स्थापना डिचोली महालातील नार्वे येथे झाली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या मंदिराचा जीर्णोद्धार करविला आणि तशी नोंद करणारा शिलालेख मंदिरावर आहे. 'शिवाजी महाराजांनी बांधलेले मंदिर' असे लिहिण्यापेक्षा 'जीर्णोद्धार केलेले' असे लिहिणे योग्य.

भारतातील पहिला छापखाना

हा छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. तो पाठविला होता अबिसीनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे. परंतु वाटेत तो गोव्यातच राहिला आणि आजच्या जुने गोवे येथील सेंट पॉल कॉलेजमध्ये सुरू झाला. गार्सिया द ओर्ता याचा भारतीय वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. वृत्तपत्राचा मान मात्र बराच उशिरा आला. 'गाझेता द गोवा' हे गोव्यातील पहिले वृत्तपत्र निघाले ते १८२१ मध्ये.

ख्रिस्तपुराणाची भाषा आणि लिपी

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये येथेच निवर्तला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाची भाषा मराठी आहे. तीत कोकणी शब्द विखुरलेले आहेत. लिपी मात्र रोमन आहे, कारण देवनागरी खिळे त्या वेळी उपलब्ध नव्हते. कोकणीचे व्याकरण आणि कोकणीतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक ही त्याचीच कामे असून ती त्याच्या मृत्यूनंतर, अनुक्रमे १६४० व १६२२ मध्ये छापली गेली. एकाच लेखकाने दोन्ही भाषांत काम केल्यामुळे या ग्रंथांच्या भाषांची अदलाबदल अनेक ठिकाणी झालेली दिसते.

राजधानी

पोर्तुगीज गोव्याची राजधानी दीर्घकाळ आजचे जुने गोवे हीच होती. साथीच्या रोगांनी ते शहर ओस पडत गेले आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलविला. पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला तो १८४३ मध्ये. जुन्या गोव्यातील चर्च व मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

चार दिवस, चार अर्थ

१८ जून हा क्रांतिदिन. १९४६ मध्ये या दिवशी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली. १९ डिसेंबर हा मुक्तिदिन. १९६१ मध्ये भारतीय सैन्याच्या 'ऑपरेशन विजय'नंतर पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याने शरणागती पत्करली. १६ जानेवारी हा १९६७ च्या जनमत कौलाचा दिवस, तर ३० मे हा घटक राज्य दिन. १९८७ मध्ये या दिवशी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. दमण व दीव केंद्रशासित राहिले. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केल्याचा करार मात्र ३१ डिसेंबर १९७४ चा आहे.

जनमत कौलात काय विचारले होते?

'जनमत कौलामुळे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला' हे विधान चुकीचे आहे. मतदारांसमोर दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीन होणे अथवा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, तर विरोधाचे दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. राज्याचा दर्जा त्यानंतर वीस वर्षांनी मिळाला.

येथे आणखी एक गोष्ट सहसा सुटते. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष हा कौल हरला. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये झालेली विधानसभा निवडणूक त्याच पक्षाने जिंकली. विलीनीकरण नाकारणाऱ्या कौलाचा अर्थ मराठी नाकारणारा कौल असा लावणाऱ्यांनी, तसेच पक्षाचा विजय म्हणजे विलीनीकरणास संमती असे मानणाऱ्यांनी, या दोन्ही निकालांकडे एकत्र पाहायला हवे.

गोव्याची राजभाषा कोणती?

या प्रश्नावर दोन चुकीची उत्तरे प्रचलित आहेत. एक, 'फक्त कोकणी'. दुसरे, 'कोकणी आणि मराठी या दोन राजभाषा'. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने संमत केलेल्या राजभाषा कायद्यानुसार राजभाषा ही कोकणी आहे आणि कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी, अशी व्याख्या त्यातच दिली आहे. मराठीला 'राजभाषा' हे नाव कायद्याने दिलेले नाही. परंतु सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामकाजासाठी मराठीचाही वापर होईल, अशी स्वतंत्र तरतूद त्याच कलमात आहे. मराठीला समान दर्जा हवा ही मागणी आणि रोमी लिपीला मान्यता हवी ही मागणी, या दोन्हींचे मूळ या शब्दरचनेत आहे.

कोकणीला साहित्य अकादमीने स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून १९७५ मध्ये मान्यता दिली आणि १९९२ मध्ये, ७१ व्या घटनादुरुस्तीने, मणिपुरी व नेपाळीसह तिचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. मराठी त्या अनुसूचीत आरंभापासून आहे. तिला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दिला. अभिजात दर्जा आणि राज्यातील राजभाषेचे स्थान या दोन निराळ्या बाबी असून एकीमुळे दुसरी बदलत नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे ६६ टक्के लोकांनी कोकणी आणि सुमारे ११ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. मात्र हा आकडा मातृभाषेचा आहे, वाचनाच्या किंवा व्यवहाराच्या भाषेचा नाही. घरी कोकणी बोलून मराठी दैनिक वाचणारा, मराठीतून भजन-कीर्तन ऐकणारा गोमंतकीय जनगणनेच्या तक्त्यात कोकणीच्याच रकान्यात येतो. म्हणून केवळ या आकड्यावरून मराठीचे गोव्यातील स्थान मोजणे चूक ठरेल. त्याचप्रमाणे मराठी वाचणारा प्रत्येक जण मराठीभाषक धरणेही चूकच. सरकारी कार्यालयात मराठीतून अर्ज करू इच्छिणाऱ्याने मात्र टक्केवारीचा आधार घेण्याची गरज नाही. त्याच्यासाठी कायद्यातील वर दिलेली तरतूद पुरेशी आहे, आणि ती नेमकी माहीत असणे उपयोगाचे आहे.