जुने आकाश, नवा तारा

हिजरी ३९६, म्हणजे इ.स. १००६. दक्षिणेच्या आकाशात अचानक एक तारा उजळला, शुक्राहूनही कितीतरी तेजस्वी. इजिप्तचे अली इब्न रिजवान तेव्हा विद्यार्थी होते. पुढे ते नामवंत हकीम झाले. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावर भाष्य लिहिताना त्यांनी या ताऱ्याची जागा, त्याचे तेज आणि त्या वेळची ग्रहस्थिती नोंदवून ठेवली. त्यांनी त्याला दुष्काळ आणि युद्धाचा संकेत मानले. तो अर्थ मागे पडला, नोंद मात्र टिकली. १९६५ साली हा ताऱ्याचा स्फोट होता हे ठरवताना अभ्यासकांना तिचाच उपयोग झाला.

इतका ठळक तारा कुणालाही दिसेल. मंद तारा नवा आहे, हे कळायला मात्र जुने आकाश लिहिलेले असावे लागते. ते काम इ.स. ९६४च्या सुमारास अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी केले होते. टॉलेमीची यादी नुसती उतरवून न घेता त्यांनी ताऱ्यांचे तेज स्वतः पुन्हा तपासले आणि चुका दाखवल्या.

आज हीच तुलना संगणक करतो. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत २०१८पासून एक कॅमेरा रात्रभर आकाश टिपतो. सॉफ्टवेअर ताजा फोटो जुन्या फोटोवर बसवते, हवेमुळे आलेला धूसरपणा जुळवून घेते आणि एकातून दुसरा वजा करते. उरतो तो बदल. त्यातले कॅमेऱ्याचे दोष संगणक वेगळे काढतो आणि काही मिनिटांत जगभर सूचना जाते. घाई यासाठी की स्फोटाच्या पहिल्या काही तासांतली माहिती नंतर मिळत नाही. २०१३ साली त्याच वेधशाळेत एक स्फोट तीन तासांतच सापडला आणि मरण्यापूर्वी ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचा पत्ता लागला. अशा सूचनांचा पाठपुरावा लडाखमधील हानले येथून आयआयटी मुंबईच्या सहभागाने चालणारी दुर्बीणही करते.

हे वाचून 'सगळे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. ते खरे नाही. हे सॉफ्टवेअर सूफींनी लिहिले नाही. त्यांनी वारशाने मिळालेली यादी पडताळून पाहिली, आणि आपण नेमके तेच करायचे सोडले. त्यांचे नाव घ्यायचे असेल, तर ती सवयही घ्यावी लागेल.