युद्धकालीन इंजिने, इवले रूळ आणि 'बार्शी लाईट'

सोलापूर - रेल्वेच्या लघुप्रतिकृती तयार करण्याचा छंद वरकरणी खेळासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यातील निम्म्याहून अधिक श्रम अभ्यासात खर्ची पडतात. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वाफेची इंजिने हा जगभरातील छांदिष्टांचा आवडता विषय आहे. त्यांचा अभ्यास करताना वापरली जाणारी पद्धत सोलापूर जिल्ह्यातील 'बार्शी लाईट' रेल्वेलाही तंतोतंत लागू पडते.

एकाच वर्गाची अनेक रूपे

जर्मनीने १९४२ पासून 'वर्ग ५२' हे युद्धकालीन इंजिन बांधावयास घेतले. पुढे दोन लहान चाके व त्यामागे एकमेकांस जोडलेली दहा चालक चाके अशी त्याची रचना होती. पोलाद, मजूर आणि वेळ यांची बचत व्हावी, यासाठी अनेक भाग गाळण्यात किंवा सोपे करण्यात आले. रशियातील थंडी लक्षात घेऊन चालकाची खोली बंदिस्त करण्यात आली. अशी सहा हजारांहून अधिक इंजिने तयार झाली.

ती अनेक कारखान्यांत बांधली गेल्याने सांगाडा आणि कोळसा-पाण्याचे टेंडर यांत फरक आढळतो. युद्धानंतर पोलंड, सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान आदी देशांत ती धावली आणि तेथे त्यांत बदलही झाले. त्यामुळे 'वर्ग ५२ ची प्रतिकृती' एवढे म्हणणे पुरेसे ठरत नाही. कोणते इंजिन, कोणते वर्ष आणि कोणता देश, हे आधी निश्चित करावे लागते. युद्धकाळातील जर्मन रेल्वेने सैन्याबरोबरच छळछावण्यांकडे नेली जाणारी माणसेही वाहिली, याचे भान अभ्यासकाने ठेवणे आवश्यक आहे.

मापांचे गणित

सर्वाधिक प्रचलित 'एचओ' प्रमाण १:८७ आहे. युरोपातील १४३५ मिलिमीटर रुंदीचा मार्ग या प्रमाणात १६.५ मिलिमीटर होतो. सुमारे २३ मीटर लांबीचे 'वर्ग ५२' इंजिन टेंडरसह २६४ मिलिमीटर भरते. त्याची १४०० मिलिमीटर व्यासाची चालक चाके १६ मिलिमीटरची होतात.

भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे असल्याने त्यास १९.३ मिलिमीटर रुंदीचे रूळ हवेत. बाजारात मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटर रुळांवर भारतीय इंजिन बसविले, तर चाके आत ओढल्यासारखी दिसतात. 'बार्शी लाईट'बाबत मात्र योग जुळून येतो. तिचे ७६२ मिलिमीटर गेज १:८७ प्रमाणात ८.८ मिलिमीटर होते आणि त्यास सहज मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ चालतात.

कॅलथ्रॉप यांचे सूत्र

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून साकारलेली ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, हे कॅलथ्रॉप यांचे सूत्र होते. त्यामुळे हलके रूळ वापरता आले. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाके आणि मागे चार आधारचाके होती, ती याच सूत्रापायी. प्रतिकृती करणाऱ्याने हे कारण जाणले, तर चाकांची रचना चुकत नाही.

जर्मन इंजिनांचा महाराष्ट्राशी थेट संबंध मात्र माथेरानला सापडतो. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीने इंजिने पुरविली. अवघड वळणांवर टोकाचे आस सरकावेत, म्हणून त्यांत 'क्लीन-लिंडनर' पद्धत वापरली होती. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या ६०० मिलिमीटर मार्गांवर धावलेल्या 'ब्रिगेडलोक' इंजिनांतही हीच पद्धत होती. माथेरानचे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळते.

अभ्यास कसा करावा?

पहिला आधार कारखान्याच्या मूळ आराखड्याचा. त्यानंतर इंजिनावरील निर्मात्याची पाटी, तिच्यावरील क्रमांक व वर्ष पाहावे. छायाचित्रे दोन्ही बाजूंची आणि तारखेसह असावीत; एका बाजूचे नळ व पंप दुसऱ्या बाजूस असतीलच असे नाही. जतन केलेल्या इंजिनाचे माप स्वतः घ्यावे. तथापि त्याचा आजचा रंग मूळचाच आहे, असे गृहीत धरू नये. प्रत्येक मापापुढे त्याचा आधार लिहून ठेवावा. तयार प्रतिकृती कशी दिसते, हे पाहण्यासाठी पुण्यात १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय उपयुक्त आहे.

'बार्शी लाईट' १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. २००० नंतरच्या दशकात तिचे मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. किटसन कंपनी तर १९३८ मध्येच बंद पडली. पंढरीच्या वारकऱ्यांना कित्येक पिढ्या वाहून नेणाऱ्या या गाडीचे तपशील त्यामुळे आता घरोघरची जुनी छायाचित्रे आणि कुर्डुवाडीच्या कारखान्यात आयुष्य घालविलेल्या निवृत्त कामगारांच्या आठवणी यांतूनही गोळा करावे लागतील. छायाचित्रामागे स्थानकाचे नाव व वर्ष लिहून ठेवले, तरी पुढील अभ्यासकाचे बरेचसे काम हलके होईल.