तळटीप : टूलचे वर्णन

७. लेखकाने इथे ‘टूलचे वर्णन’ एवढेच म्हटले आहे. ते कोण वाचते, हे सांगायला हवे. ॲन्थ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआय एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याची सामाईक पद्धत, खुला केला. त्यात प्रत्येक टूलचे नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती कशी पुरवायची याचा आराखडा दिलेला असतो. एआय एजंट हे वाचूनच कोणते टूल चालवायचे ते ठरवतो, त्यामुळे वर्णन अपुरे राहिले तर नुकसान खरेखुरे होते. उदाहरणार्थ, ॲमेझॉनची भाड्याने सर्व्हर देणारी ईसीटू सेवा घ्या. सर्व्हर ‘स्टॉप’ केला तर ईबीएस डिस्कवरचा डेटा शाबूत राहतो, सार्वजनिक आयपी पत्ता तेवढा सहसा बदलतो. ‘टर्मिनेट’ केला तर सर्व्हर कायमचा जातो आणि वेगळी सेटिंग केलेली नसेल तर मूळ डिस्कही पुसली जाते. मुरलेल्या प्रशासकाला हा फरक पाठ असतो. त्याच्यासाठी लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत तो एका ओळीत उरकला तरी चालते. एजंटसाठी मात्र वर्णनातच स्पष्ट लिहावे लागते : हे परत फिरवता येत नाही, आधी स्नॅपशॉट (डिस्कची प्रत) घ्या, माणसाची संमती घ्या. बदल करणारे टूल विध्वंसक आहे का, हे सांगणारी खूणही प्रोटोकॉलमध्ये आहे आणि ती दिली नाही तर ‘आहे’ असेच धरले जाते. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. पण ती खूण पाळण्याची सक्ती नाही. एजंटच्या खात्याला आयएएममध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या परवाने ठरवणाऱ्या व्यवस्थेत, टर्मिनेटचा परवानाच न देणे हा पक्का अटकाव, आणि लेखकाने पुढील प्रकरणात तोच अवलंबला आहे. – संपा.