हौशी रेडिओ व रेडिओ मंडळे

हौशी रेडिओ : आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, तांत्रिक जिज्ञासा, स्वशिक्षण व परस्परांशी संपर्क या कारणांसाठी खाजगी व्यक्तींनी शासनाच्या परवान्याने चालविलेली बिनतारी संदेशवहन सेवा. ही सेवा चालविणाऱ्यास सामान्यतः ‘हॅम’ म्हणतात. नभोवाणीत एक केंद्र बोलते व असंख्य लोक ऐकतात. हौशी रेडिओत मात्र प्रत्येक केंद्र प्रेषकही असते व ग्राहीही. त्यामुळे हौशी चालकास यंत्राची रचना, आकाशकाची म्हणजेच अँटेनाची उभारणी, रेडिओ तरंगांच्या प्रसारणाचे नियम आणि संदेश देण्या-घेण्याची शिस्त या सर्व गोष्टी स्वतः शिकाव्या लागतात. हे शिक्षण बहुधा स्थानिक मंडळांतून मिळते. महाराष्ट्रात या छंदाला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. शांततेच्या काळात तो थोड्या लोकांचा विरंगुळा मानला गेला. परंतु तारा तुटल्या किंवा वृत्तांवर बंधने आली, तेव्हा या थोड्या लोकांचे कौशल्य सर्व समाजाच्या उपयोगी पडले.

प्रारंभ : गुल्येल्मो मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संकेत पोहोचविल्यानंतर यूरोप व अमेरिकेत अनेक तरुणांनी घरच्या घरी प्रेषक तयार केले. त्यांचा व्यापारी व नाविक संदेशांना अडथळा होऊ लागल्यामुळे अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशी चालकांना २०० मी. व त्याहून कमी तरंगलांबीच्या क्षेत्रात मर्यादित केले. हे लघुतरंग दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी आहेत, असा तेव्हाच्या तज्ञांचा समज होता. तो हौशी चालकांनीच खोटा ठरविला. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्स व अमेरिका येथील हौशी केंद्रांनी सु. ११० मी. तरंगलांबीवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण साधले. पृथ्वीभोवतीच्या आयनांबराकडून लघुतरंग परावर्तित होतात व त्यामुळे अल्प शक्तीचा प्रेषकही हजारो किमी. अंतरावर ऐकू येतो, ही गोष्ट त्यानंतर व्यवहारात रूढ झाली [⟶ आयनांबर]. १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना झाली आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने हौशी सेवेसाठी स्वतंत्र तरंगपट्टे मान्य केले.

भारतातील उदय व मुंबई : भारतात हौशी केंद्राचा पहिला परवाना १९२१ मध्ये कोलकात्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना मिळाला, त्याच वर्षी मुकुल बोस यांनाही परवाना देण्यात आला. मुंबईत या छंदाला आरंभापासूनच मंडळाचे रूप आले. जून १९२३ मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ या हौशी मंडळाने कार्यक्रम प्रक्षेपित केले. भारतातील नभोवाणीचा प्रारंभ याच प्रक्षेपणापासून मानतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्यातील व १९२४ मध्ये मद्रासमधील मंडळाने हाच मार्ग अनुसरला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि १९३० मध्ये नभोवाणी शासनाने आपल्या हाती घेतली. अशा रीतीने नागरिकांच्या मंडळांनी घातलेल्या पायावर पुढे शासकीय नभोवाणी उभी राहिली.

नभोवाणी शासनाकडे गेल्यावर हौशी चालकांचे क्षेत्र परस्परसंपर्कापुरते उरले. केंद्रांच्या संकेतनामांसाठी ‘व्हीयू’ हा भारतीय उपसर्ग १९२९ पासून वापरात आला. १९३५ च्या सुमारास देशातील परवानाधारकांची संख्या पन्नासाहूनही कमी होती व त्यांत ब्रिटिश अधिकाऱ्यांचा भरणा अधिक होता. यंत्रसामग्री महाग असल्याने हा छंद मोठ्या शहरांतील सुस्थितीतील व्यक्तींपुरता मर्यादित राहिला. परभणी जिल्हा व एकूण मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे हा आरंभीचा इतिहास मुख्यतः मुंबई इलाख्याशी निगडित आहे.

बंदीचा काळ व काँग्रेस रेडिओ : दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश शासनाने हौशी परवाने स्थगित केले आणि चालकांना आपले प्रेषक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी आदेश दिले. मुंबईतील हौशी चालक नरिमन प्रिंटर यांनी या काळात ‘आझाद हिंद रेडिओ’ या नावाने प्रक्षेपण करून पाहिले. परंतु त्यांना लगेच अटक होऊन सामग्री जप्त झाली.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनास आरंभ झाल्यावर प्रमुख नेते तुरुंगात गेले व वृत्तपत्रांवर कडक नियंत्रणे आली. तेव्हा उषा मेहता या तरुण कार्यकर्तीने बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी इत्यादींच्या साहाय्याने मुंबईत भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. कार्यकर्त्यांपाशी निष्ठा होती, पण प्रेषक उभारण्याची विद्या नव्हती. ती प्रिंटर यांच्यासारख्या हौशी चालकांकडून मिळाली. ‘शिकागो रेडिओ’ या ध्वनिवर्धकांच्या व्यवसायातील नानिक मोटवाने यांनी सामग्रीचे साहाय्य केले. केंद्र आपली तरंगलांबी ४२.३४ मी. असल्याचे घोषित करी. ती सु. ७.०८ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेशी जुळते, म्हणजेच ती हौशी चालकांच्या परिचयाच्या ४० मी. पट्ट्यातील होती. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा वरचेवर बदलण्यात येई. पोलिसांच्या हाती सापडलेल्या एका तंत्रज्ञाकडून ठावठिकाणा कळल्यावर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला आणि प्रक्षेपण बंद झाले. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली.

सुमारे तीन महिन्यांच्या या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. थोडक्या साहित्यातून उभे केलेले खाजगी केंद्र शासनाच्या वृत्तनियंत्रणाला छेद देऊ शकते, हे तिने सिद्ध केले. त्याचबरोबर खाजगी प्रेषकाविषयी राज्यकर्त्यांना वाटणाऱ्या संशयाचे कारणही तिने स्पष्ट केले. हा संशय स्वातंत्र्यानंतरही परवान्याच्या नियमांत काही अंशी टिकून राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळ : महायुद्धानंतर परवाने पुन्हा देण्यात येऊ लागले. १५ मे १९४८ रोजी मध्य प्रदेशातील महू येथे, सैन्याच्या संदेशवहन विद्यालयाच्या परिसरात, ‘ॲमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. पुढे तिचे मुख्यालय दिल्लीस गेले आणि ती ‘ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या काळात तयार यंत्रे दुर्मिळ होती. महायुद्धातील वापरून टाकलेले लष्करी संच, जुन्या रेडिओतील निर्वात नलिका आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून मिळणारे सुटे भाग यांच्या जुळणीतून अनेकांनी आपली केंद्रे उभारली. टंचाईमुळे चालकांना यंत्राचे अंतरंग जाणून घ्यावे लागले, हा तिचा अप्रत्यक्ष लाभ होय.

हौशी सेवेचे नियमन १८८५ चा तारायंत्र कायदा व १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांच्या आधारे केलेल्या १९७८ च्या नियमांनी होऊ लागले. परीक्षेत रेडिओ तंत्र व संदेशवहनाचे नियम हे विषय असून वरच्या श्रेणीसाठी मॉर्स संकेतलिपीचे ज्ञान आवश्यक ठरविण्यात आले. व्यापारी संदेश, मनोरंजनाचे कार्यक्रम आणि सांकेतिक गुप्तभाषा यांना मनाई आहे. परवान्यापूर्वी अर्जदाराची शासकीय पडताळणी होत असे व तीत बराच काळ जाई. त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण होऊनही अनेक तरुणांचा उत्साह ओसरत असे. १९८३ मध्ये हैदराबाद येथे राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था स्थापन झाली. स्वतः हौशी चालक असलेल्या राजीव गांधी यांच्यामुळे शासनदरबारी या छंदास प्रतिष्ठा मिळाली व आयात सामग्रीवरील शुल्कातही सवलत मिळाली.

आपत्तीतील कार्य : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे उद्‌ध्वस्त होऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले. दगडमातीच्या घरांबरोबर विजेच्या व दूरध्वनीच्या ताराही निकामी झाल्या. त्या वेळी मराठवाड्याच्या ग्रामीण भागात भ्रमणध्वनी सेवा नव्हती. बाहेरून आलेल्या हौशी चालकांनी भूकंपग्रस्त भागात तात्पुरती केंद्रे उभारून मदतकार्यातील संदेशवहनास साहाय्य केले. ओडिशातील चक्रीवादळ (१९९९), भूजचा भूकंप (२००१) व अंदमानातील सुनामी (२००४) यांतही हाच अनुभव आला. सुनामीच्या वेळी हौशी चालकांचा एक गट छंदाच्या कार्यक्रमानिमित्त पोर्ट ब्लेअर येथे आधीच उपस्थित होता. त्यामुळे आपत्तीनंतर संपर्क सुरू करणे त्यांना शक्य झाले.

या घटनांतून एक तत्त्व स्पष्ट होते. आपत्तीनंतर यंत्रे पाठविता येतात, परंतु ती हाताळणारी सरावलेली माणसे ऐन वेळी तयार करता येत नाहीत. बाहेरच्या पथकास पोहोचण्यास लागणारा वेळ हाच बहुधा सर्वांत मोलाचा असतो. म्हणून स्थानिक मंडळांचे महत्त्व आहे.

स्थानिक मंडळाचे स्वरूप : लहान गावातील मंडळाला फार मोठे भांडवल लागत नाही. उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या खोऱ्यात वसलेल्या पालमचा विचार करता येईल. पालमपासून हैदराबाद सु. २४० किमी., पुणे सु. ३३० किमी. व मुंबई सु. ४३० किमी. हवाई अंतरावर आहे. इतक्या अंतरासाठी दिवसा ७ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा सोयीचा असतो. त्यासाठी सु. २० मी. लांबीची तांब्याची तार मधोमध छेदून बांबूंच्या आधाराने जमिनीपासून काही मीटर उंचीवर ताणली, तर तरंग जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबराकडून परततात व भोवतालच्या शेकडो किमी. क्षेत्रात पसरतात. मोटारीची विद्युत् घटमाला यंत्रास पुरते. तालुक्यातील खेड्यांशी बोलण्यास १४४ ते १४६ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील हातात धरण्याजोगे संच वापरतात. हे तरंग साधारणतः सरळ रेषेत जात असल्याने डोंगर व चढउतार त्यांना अडवितात. उंच जागी पुनःप्रक्षेपक बसविल्यास ही अडचण बरीच दूर होते. गोदावरीस पूर आला असता नदीकाठची गावे व तालुक्याचे ठिकाण यांतील संपर्कास अशी व्यवस्था उपयुक्त ठरू शकते.

मंडळाचे नित्याचे कार्य साधे असते. ठरलेल्या वेळी सभासद एका कंप्रतेवर एकत्र येतात. एक जण सूत्रचालक होतो व प्रत्येकास क्रमाने बोलण्याची संधी देतो. एका वेळी एकानेच बोलणे, संदेश थोडक्यात देणे, तो ऐकणाऱ्याकडून पुन्हा म्हणवून घेणे आणि वेळेची नोंद ठेवणे ही शिस्त या सरावातून अंगवळणी पडते. नवशिक्यांसाठी परीक्षेचे वर्ग व यंत्रजुळणीचे प्रात्यक्षिक घेतात. दूरच्या केंद्राशी संपर्क झाल्यावर परस्परांना पाठविली जाणारी पुष्टिपत्रे हा सभासदांच्या संग्रहाचा व अभिमानाचा विषय असतो.

अलीकडील प्रगती : ५ मे २००५ रोजी भारतीय अवकाश संशोधन संघटनेने हौशी चालकांसाठी ‘हॅमसॅट’ हा सु. ४२.५ किग्रॅ. वजनाचा उपग्रह सोडला. तो २०१४ पर्यंत कार्यरत होता. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘स्वयम्’ हा सु. एक किग्रॅ. वजनाचा उपग्रह अवकाशात गेला. हौशी पट्ट्यांतून संदेशांची देवाणघेवाण करणे हा त्याचा एक हेतू होता.

भ्रमणध्वनी व आंतरजाल यांच्या प्रसारानंतर दूरच्या माणसाशी बोलण्याचे नावीन्य उरले नाही व तरुणांचा या छंदाकडील ओढा कमी झाला. तथापि भ्रमणध्वनीचे मनोरे वीजपुरवठा व जोडतारांवर अवलंबून असतात आणि आपत्तीत हीच साधने प्रथम कोलमडतात. हौशी केंद्र मात्र एक घटमाला, एक तार व एक जाणकार माणूस यांवर चालते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी कोठेही विकत मिळतात. तिसरी घडविण्याचे काम मंडळांनाच करावे लागते. महाराष्ट्रातील हौशी मंडळे प्रामुख्याने मोठ्या शहरांत केंद्रित झालेली असून तालुक्याच्या गावांत, विशेषतः भूकंप, पूर व अवर्षण यांचा वारंवार अनुभव घेणाऱ्या मराठवाड्यात, त्यांचा विस्तार होणे हे या सेवेच्या सामाजिक उपयुक्ततेच्या दृष्टीने आवश्यक आहे [⟶ रेडिओ संदेशवहन].