खाचर आणि चाळ



इंग्रजीत ‘टेरेस’ हा शब्द डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या शेताला लावतात, आणि भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांच्या ओळीलाही. आपण टेरेस म्हणतो ते गच्चीला. पण आम्हा कोकणातल्या बायांच्या घरांचा इतिहास त्या दोन अर्थांतच वाटला गेलाय: गावचं खाचर आणि मुंबईची चाळ.

आधी खाचर. उतारावर पाऊस कोसळला की पाणी माती घेऊन जातं. म्हणून आपल्या वाडवडिलांनी उतार कापून सपाट तुकडे केले, कडेला बांध घातले. याला आपण मजगी म्हणतो. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं. वरचा बांध फुटला तर खालच्या चार घरांची लावणी वाहून जाते. म्हणून बांध एकट्याचा नसतो.

पण वाटण्या होत गेल्या, तुकडे लहान झाले, भात वर्षभर पुरेना. तिकडे मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी निघाली आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसं गिरण्यांत गेली. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी बांधल्या. खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. एकेका खोलीत गावचे कितीतरी गडी पाळीपाळीने झोपायचे. इथेही भिंत दोन घरांची मिळून एकच.

मग खाचर कोणी राखलं? चिखलणीपासून झोडणीपर्यंत बायांनीच. मनीऑर्डर आली तर मीठमिरची, नाही आली तरी लावणी थांबली नाही. मुंबईतल्या बायांनी गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवल्या. सत्तरच्या दशकात प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांची वाट अशा बायांनीच पाडली.

१९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, कितीतरी कुटुंबं गावी परतली. त्यांना आधार कुणाचा? बायांनी राखलेल्या त्याच खाचरांचा.

पण सातबाऱ्यावर त्या बाईचं नाव कुठाय? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. नवरा गेल्यावर त्याच्या वाट्यात विधवेचाही हिस्सा असतो. आज जमिनीचे भाव वाढलेत, गिऱ्हाईक दारात येतंय, आणि बहिणीपुढे, भावजयीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवला जातोय. ‘सही कर गो’ म्हटलं की आपण करतो.

तेव्हा बायांनो, पावसाआधी बांध बघतो तसा सातबाराही काढून बघूया. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज देऊया. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर गटातल्या दोघी सोबत जाऊ. आणि कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही कुणीच करायची नाही.